समाजाची जटिलता : मोजावयाचे काय?

समाज जटिल आहे असे म्हणणे सोपे. जटिलता म्हणजे काय व ती कशी मोजावी, हे सांगणे अवघड. पीटर टर्चिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर दिले आहे. ‘सेशात’ या इतिहासविषयक माहितीसंग्रहातून त्यांनी ३० प्रदेशांतील ४१४ समाज निवडले व प्रत्येकाच्या ५१ बाबी नऊ लक्षणांत गोवल्या. लोकसंख्या, भूप्रदेश, अधिकाराच्या पायऱ्या, लेखन, चलन ही त्यांपैकी काही. या लक्षणांतील सुमारे तीन-चतुर्थांश फरक एकाच अक्षाने उलगडतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या परिश्रमाचे मोल आम्ही मानतो. आकडे उघड मांडल्यामुळेच त्यांची तपासणी शक्य होते. परंतु हर्बर्ट सायमन यांनी १९६२ साली जटिल व्यवस्थेचे वर्णन करताना घटकांच्या संख्येबरोबरच त्यांच्यातील परस्परसंबंधांवर भर दिला होता. टर्चिन यांच्या मापात प्रशासनातील, सैन्यातील व धर्मसंस्थेतील पायऱ्या मोजल्या जातात. खालच्या पायरीवरील मनुष्यास वर जाता येते काय, हे त्या नऊ लक्षणांत शासनातील गुणवत्तेनुसार बढतीसारख्या बाबींपुरतेच येते.

भारतीय समाजाच्या बाबतीत ही उणीव गंभीर ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात दाखविले, आणि जात कधी एकटी नसते, ती अनेक जातींच्या संचातच असते, असे प्रतिपादिले. घटक असंख्य, परंतु त्यांच्यामधील वाटा बंद, अशी ही रचना आहे. केवळ पायऱ्या मोजणारे माप तिला प्रगत ठरवील; संबंध मोजणारे माप तिला कुंठित म्हणेल.

दुसरा धोका मौनाचा आहे. याच संग्रहावर आधारलेला, नीतिरक्षक देवतांविषयीचा एक निबंध २०१९ साली ‘नेचर’मध्ये आला व २०२१ साली मागे घेतला गेला. जेथे माहितीच नव्हती तेथे ‘श्रद्धा नव्हती’ असे धरले गेले, हा त्यावरील प्रमुख आक्षेप होता. ज्यांना अक्षरच नाकारले गेले, त्यांच्या जीवनाची नोंद लेखांत विरळच सापडणार. त्या विरळपणाला शून्य मानणारे शास्त्र जुन्याच अन्यायाला आकड्याचे रूप देईल.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच : पायऱ्या अवश्य मोजाव्यात, परंतु त्यांमधील दारे किती उघडी होती हेही मोजावे, आणि जे ठाऊक नाही ते ‘अज्ञात’ म्हणूनच नोंदवावे.