लाल सेल म्हणजे डेटा नव्हे

पीएचडीला आल्यावर एक्सेल आपल्याला कुणी शिकवत नाही, सगळे एकमेकांचं बघून शिकतात. त्यात पटकन आवडून जातं ते कंडिशनल फॉरमॅटिंग. एका कॉलममधल्या आकड्यावरून दुसऱ्या कॉलमला, नाहीतर अख्ख्या ओळीला, आपोआप रंग. पायलटचा डेटा असा रंगवून गाईडसमोर ठेवला की काहीतरी हाती लागल्यासारखं वाटतं. डेटा एंट्रीतल्या चुका पकडायला ही सोय उत्तमच आहे. माझा आक्षेप आहे तो तिच्यावरून निष्कर्ष काढण्यावर.

एक साधं उदाहरण घेऊ. गावातल्या बायकांच्या हिमोग्लोबिनची शीट आहे. सी कॉलममध्ये गरोदर आहे का (हो/नाही), डी मध्ये हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो ॲनिमिया. गरोदरपणात ही मर्यादा सर्वसाधारणपणे ११. म्हणजे डी चा रंग सी वर अवलंबून. नियम सोपा वाटतो: सी२ मध्ये ‘नाही’ असेल आणि डी२ बारापेक्षा कमी असेल तर लाल, ‘हो’ असेल तर अकरापेक्षा कमी असताना लाल.

आता बघा काय होतं. एका बाईने रक्त द्यायला नकार दिला, सेल रिकामा राहिला. अशा तुलनेत एक्सेल रिकाम्या सेलला शून्य धरतं. शून्य बारापेक्षा कमी, म्हणून ती लाल. दुसरीचा आकडा कुणीतरी ‘१०.५ ग्रॅम’ असा टाइप केला. तो आता आकडा नाही, मजकूर आहे, आणि एक्सेलच्या हिशेबात मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा असतो. ही बाई लाल होतच नाही. तिसरीच्या सी मध्ये ‘हो’ नंतर चुकून एक स्पेस पडली, तर दोन्ही अटी खोट्या, रंग नाही. म्हणजे जिची तपासणीच झाली नाही ती आजारी ठरली आणि खरी आजारी सुटली. एरर कुठेच नाही. फॉर्म्युल्यात स्वतःच बिघाड झाला तरी एक्सेल ओरडत नाही, फक्त रंग भरत नाही. आणि न रंगलेला सेल आपण ‘ठीक आहे’ असा वाचतो. मला सगळ्यात धोकादायक हे वाटतं.

डॉलरच्या चिन्हाबद्दल थोडक्यात. फॉर्म्युला निवडलेल्या भागाच्या पहिल्या ओळीला धरून लिहायचा असतो. $डी२ लिहिलं की कॉलम पक्का होतो आणि ओळ पुढे सरकत राहते. निवड दुसऱ्या ओळीपासून केली आणि फॉर्म्युल्यात $डी१ लिहिलं, तर प्रत्येकीला तिच्या वरच्या ओळीतल्या बाईचा रंग मिळतो. शीट मात्र दिसायला झकास!

दुसरा आक्षेप पारदर्शकतेचा. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निकष सुधारले, गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीसाठी १०.५ ठेवलं. तुमच्या फाइलमधला ११ कुठे आहे? कुठल्याच सेलमध्ये नाही, नियमांच्या खिडकीत दडलेला आहे. त्यात कॉपी-पेस्ट करत गेलं की एका नियमाचे तुकडे होतात, वेगवेगळ्या ओळींना वेगवेगळे. कोणत्या ओळीला कोणता लागू आहे हे परीक्षकच काय, सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. फाइल सीएसव्हीत सेव्ह केली की रंग आणि नियम दोन्ही गेले. ‘लाल किती?’ हे काउंटइफला विचारता येत नाही. रंगावर फिल्टर लावून मोजता येतं, पण त्याने वरच्या चुका दुरुस्त होत नाहीत, फक्त मोजल्या जातात.

कार्ल ब्रोमन आणि कारा वू यांचा स्प्रेडशीटमध्ये डेटा कसा मांडावा यावरचा २०१८ चा लेख ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये आहे, तो जरूर वाचा. रंगाला डेटा म्हणून वापरू नका, त्याऐवजी वेगळा कॉलम घ्या, असं ते सांगतात. त्यांचा रोख हाताने केलेल्या हायलाइटवर आहे. आपोआप भरलेला रंग त्याहून जास्त फसवा आहे असं मला वाटतं, कारण त्याच्यामागे फॉर्म्युला असल्याने आपला त्याच्यावर विश्वास बसतो.

म्हणून ई कॉलममध्ये ‘ॲनिमिया’ नावाचा उघडा फॉर्म्युला लिहा. आधी इझनंबरने डी मध्ये खरोखर आकडा आहे का ते बघा. नसेल तर ‘तपासा’. सी मध्ये नेमकं हो किंवा नाही नसेल तरी ‘तपासा’. मगच १ किंवा ०. मर्यादा फॉर्म्युल्यात न लिहिता वेगळ्या, नाव दिलेल्या सेलमध्ये ठेवा. तिमाहीनुसार मर्यादा लावायची तर तिमाहीचाही कॉलम लागेल, आणि तो फील्डवर जाण्याआधी ठरवावा लागेल. एवढं झालं की ई वरून डी ला खुशाल रंग द्या: १ ला लाल, ‘तपासा’ ला पिवळा. पिवळ्या ओळी घेऊन आधी मूळ फॉर्मांच्या गठ्ठ्याकडे जायचं, टेबल नंतर.