‘फरक नाही’ म्हणजे ‘सारखंच’ नव्हे: सेवाग्रामचा एक पेपर वाचताना

सिनॉप्सिसमध्ये आपण ‘पी-व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी आली तर फरक आहे, नाहीतर नाही’ असं लिहून मोकळे होतो. ही पी-व्हॅल्यू कशाकशाने हलते, हे समजून घ्यायला आपल्या वर्धा जिल्ह्यातलाच एक पेपर घेऊ.

2004 मध्ये सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत आरोग्यसेवेतल्या 726 जणांची सुप्त क्षयसंसर्गासाठी दोन प्रकारे तपासणी झाली: त्वचेवरची जुनी ट्युबरक्युलिन टेस्ट आणि रक्तावरची नवी इंटरफेरॉन-गॅमा टेस्ट. मधुकर पै, श्रीप्रकाश कलंत्री आणि सहकाऱ्यांचा हा पेपर 2005 मध्ये ‘जामा’त आला. त्वचेच्या टेस्टमध्ये 41 टक्के पॉझिटिव्ह, रक्ताच्या टेस्टमध्ये 40 टक्के. वाचणारा म्हणेल, झालं, दोन्ही टेस्ट सारख्याच!

थांबा. किमान एका टेस्टमध्ये पॉझिटिव्ह होते 360 जण, दोन्हींत मात्र 226. म्हणजे 134 जणांच्या बाबतीत दोन टेस्टचं एकमत नव्हतं. टक्केवारीवरून माझा हिशेब असा: साधारण 72 जण फक्त त्वचेच्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह, 62 जण फक्त रक्ताच्या.

एकाच माणसावर दोन टेस्ट असतील तर मॅकनेमार चाचणी लावतात. ती एकमत झालेल्यांकडे बघतच नाही. 72 आणि 62 मधल्या फरकाचा वर्ग 100, भागिले 134, म्हणजे 0.75. पी-व्हॅल्यू 0.39 च्या आसपास. सिग्निफिकंट नाही.

आता आकडे हलवून बघा. सँपल दहापट करा, बाकी प्रमाण तेच ठेवा. उत्तर 7.5, पी-व्हॅल्यू 0.006. तोच सव्वा-दीड टक्क्याचा फरक आता सिग्निफिकंट! किंवा सँपल 726 च ठेवा, पण मतभेद फक्त 10 जणांत आणि तेही एकाच बाजूचे आहेत असं समजा. उत्तर 10, पी-व्हॅल्यू 0.002. दोन टेस्ट जवळपास जुळतात, तरी चाचणी म्हणते ‘फरक आहे’. आणि सेवाग्रामच्या आकड्यांत ‘फरक नाही’ येतं, त्याचं एक कारण म्हणजे मतभेद भरपूर आहेत आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे वाटले गेलेत.

या पेपरची चांगली बाजू हीच की तो टक्केवारीच्या तुलनेवर थांबत नाही. एकमत 81.4 टक्के आणि कप्पा 0.61 असं स्वतंत्र दिलंय. माझा आक्षेप एका शब्दावर आहे: लेखक या एकमताला ‘जास्त’ म्हणतात. लँडिस आणि कॉख यांच्या 1977 च्या प्रचलित पट्टीवर 0.61 ही ‘बऱ्यापैकी’ गटाची अगदी पहिली पायरी आहे. कप्पाचा 95 टक्के विश्वासांतराळ 0.56 ते 0.67, म्हणजे खालचं टोक ‘मध्यम’ गटात जातं. शिवाय सुप्त संसर्गासाठी पक्की कसोटीच नाही, त्यामुळे त्या 134 जणांत कोणती टेस्ट बरोबर होती हे या आकड्यांवरून ठरत नाही. त्या नर्सला किंवा विद्यार्थ्याला संसर्ग आहे की नाही, हे कोणती टेस्ट केली त्यावर अवलंबून राहतं.

त्यामुळे चाचणी निवडण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा: सरासरीतला फरक हवाय की माणसागणिक एकमत? एकमत हवं असेल तर पी-व्हॅल्यूसोबत दोन-बाय-दोनचा पूर्ण तक्ता द्या. गाईडने विचारण्याआधी.