संयुक्त राष्ट्रसंघाची बहुभाषिकता : एक चिकित्सा

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहा आहेत. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन व चिनी या १९४६ पासूनच्या. अरबीची भर १९७३ मध्ये पडली. १० जून २०२२ रोजी महासभेने संमत केलेल्या ठरावाने हिंदी, बंगाली, उर्दू आदी अनधिकृत भाषांतूनही माहितीप्रसार करण्यास उत्तेजन दिले. हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी त्यामागील भाषाविषयक भूमिका तपासून पाहणे अगत्याचे ठरते. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा आज मराठीतही उपलब्ध आहे. तथापि, त्याच हक्कांच्या पायमल्लीची तक्रार मानवाधिकार परिषदेकडे करावयाची झाल्यास ती सहा अधिकृत भाषांपैकी एकीतच सादर करावी लागते. म्हणजे हक्क मायबोलीत वाचावयाचा आणि दाद परभाषेत मागावयाची! भाषांतराचा भार येथे नेमका पीडितावर पडतो. माहितीप्रसारासाठी संघ भाषांतराचा खर्च सोसतो. तक्रारीच्या भाषांतराची जबाबदारीही त्यानेच पत्करावयास हवी. आंतरराष्ट्रीय संस्थेची बहुभाषिकता ती किती भाषांत बोलते यापेक्षा किती भाषांत ऐकून घेते, यावरूनच जोखली पाहिजे.