'वॉल-आइड' : व्युत्पत्ती आणि भिंत

इंग्रजीतील 'वॉल-आइड' या विशेषणात मुळात भिंत नाही, हे कोशकारांनी केव्हाच दाखवून दिले आहे. प्राचीन नॉर्स भाषेतील 'वाग्ल-एय्ग्र' हे त्याचे पूर्वरूप. उत्तरपद डोळ्याचे; पूर्वपदाचा अर्थ निर्विवाद नसला तरी आइसलँडिकमधील 'वाग्ल' (डोळ्यावरील पडदा) आणि स्वीडिशमधील 'वागेल' (रांजणवाडी) हे त्याचे सगोत्र मानले जातात. मध्ययुगीन इंग्रजीत ते झिजले, अनोळखी झाले आणि ओळखीच्या 'वॉल'मध्ये मिसळून गेले. फिकट बुबुळाचा, पुढे बाहेर वळलेल्या तिरळ्या डोळ्याचा, असा त्याचा अर्थ. लोकव्युत्पत्तीचे हे नमुनेदार उदाहरण होय.

परंतु एवढ्याने समीक्षकाचे काम संपते काय? शेक्सपिअरने हा शब्द दोन ठिकाणी योजला आहे. 'किंग जॉन'च्या चौथ्या अंकातील तिसऱ्या प्रवेशात कुमार आर्थर किल्ल्याच्या तटावरून उडी घेतो व मरतो. त्याचे प्रेत पाहून सॅलिसबरी हत्येचा आरोप करतो आणि ती करणाऱ्या क्रोधाला हे विशेषण लावतो. मृत्यू भिंतीमुळे झाला, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, सॅलिसबरीला नाही; त्याच्या तोंडचा शब्द मात्र नकळत ते बोलून जातो. 'टायटस अँड्रॉनिकस'च्या (क्वार्टो, १५९४) पाचव्या अंकारंभी एका गॉथ सैनिकाला भिंतीखाली तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येते, त्यावरून ॲरन पकडला जातो, आणि ल्युशस त्याला याच शब्दाने हिणवतो. दोन्ही प्रवेशांत भिंत आहे, मूल आहे.

दोन स्थळांवरून कविहेतू सिद्ध होत नाही, हे मान्य. पण भिंत व्युत्पत्तीत नाही म्हणून ती अर्थातही नाही, हे अनुमान त्याहून दुबळे आहे. शेक्सपिअरच्या कानी पडलेल्या शब्दात नॉर्स पद उरलेच नव्हते, भिंत होती. 'एटिमॉन' या ग्रीक शब्दातच सत्याचा दावा दडलेला असल्याने व्युत्पत्ती स्वतःच स्वतःची जाहिरात करते, अशा आशयाची टीका झां पोलां यांनी १९५३ साली केली होती. आपल्याकडील धातुवेड्या अर्थनिर्णयालाही ती लागू पडावी.

'फूल पडलेल्या डोळ्याचा' असे मराठी रूप केल्यास नॉर्स मूळ बहुतांशी राखले जाते, भिंत हातची जाते. 'किंग जॉन'च्या अनुवादकाने त्यांपैकी भिंतच राखावी, असे मला वाटते. ती कशी राखावी, हा प्रश्न मला अद्याप सुटलेला नाही.