'कूल' : अनेकार्थता आणि अर्थाचा इतिहास

शब्दकोश अनेकार्थी शब्दाचे अर्थ क्रमवार मांडतो. त्यामुळे ते अर्थ परस्परांपासून अलिप्त आहेत, असा समज होतो. इंग्रजी बोलीतील 'कूल' हा शब्द या समजाला छेद देतो. गारवा, भावनिक दुरावा, अविचल धैर्य, ऐट, पसंती आणि केवळ होकार एवढ्या छटा त्यात एकवटल्या आहेत.

यांपैकी अविचलतेचा अर्थ शेक्सपिअरच्या काळीही रूढ होता. पसंतीचा आजचा अर्थ मात्र विसाव्या शतकात कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतून आणि जाझ संगीताच्या वर्तुळातून सर्वत्र पसरला. माइल्स डेव्हिस यांच्या १९४९-५० मधील ध्वनिमुद्रणांचा संग्रह १९५७ साली 'बर्थ ऑफ द कूल' या नावाने निघाला. रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी १९७३ साली या वृत्तीचे नाते योरुबा संस्कृतीतील 'इतुतु' या आत्मसंयमी शीतलतेच्या मूल्याशी जोडले. वर्णद्वेषी समाजात क्षोभ प्रकट करणे जिवावर बेतू शकत असे. तेथे ही शीतलता शैली होती, तसेच आत्मरक्षणही होते.

ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्या 'वुई रिअल कूल' (१९५९) या आठ ओळींच्या कवितेत हा इतिहास सक्रिय होतो. शाळा सोडून पूल खेळणारे सात तरुण येथे स्वतःविषयी बोलतात. 'आम्ही' हे सर्वनाम ओळींच्या टोकाशी अधांतरी राहते. शेवटच्या, मृत्यूच्या ओळीअखेर ते उरतच नाही. आरंभी केवळ ऐट सुचविणारा 'कूल' या शेवटामुळे मागे वळून वाचावा लागतो आणि त्यात मरणाचा गारठाही जाणवू लागतो. कवितेचा अर्थ या छटांच्या ताणातून निष्पन्न होतो. त्यांतील एकीची निवड करून तो हाती लागत नाही.

मराठी अनुवादकाची कोंडी येथेच आहे. 'भारी' म्हटल्यास ऐट येते, पण शीतलता हरवते. 'थंड' म्हटल्यास शीतलता येते, पण ऐटीच्या जागी निरुत्साह येतो. 'कूल' तसाच ठेवल्यास महाविद्यालयीन मराठीतील सहज पसंतीचा शब्द तेवढा ऐकू येतो. त्यामागील भय आणि संयम ऐकू येत नाहीत.

म्हणून अनेकार्थतेला भाषेची समृद्धी म्हणून गौरविणे पुरेसे नाही. शब्द एका समाजातून दुसऱ्या समाजात जाताना त्याचा कोणता अर्थ टिकला, कोणता गळाला आणि या गळण्याने कोणाचा अनुभव पुसला गेला, हे तपासणे समीक्षेचे काम आहे.