डोंगरातले गाणे आणि व्हिक्टरचा कुत्रा

लोकगीताला कर्ता नसतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण तेच गीत तबकडीवर चढले की त्याला कर्ता असावाच लागतो. कारण पैसे कोणाच्या तरी नावावर जमा व्हावे लागतात. अमेरिकेतील ग्रामीण संगीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मला हाच प्रश्न सर्वांत मोठा वाटतो, आणि त्या संगीताचे भक्त नेमकी त्यालाच बगल देतात.

या धंद्याचा कर्ता पुरुष राल्फ पीअर. जून १९२३ मध्ये ओके कंपनीसाठी त्याने अटलांटा येथे फिडलिन जॉन कार्सन या फिडलवादकाचे गाणे मुद्रित केले. गाणे त्याला भयंकर वाटले. पण पोल्क ब्रॉकमन या तिथल्या व्यापाऱ्याने हट्टाने ५०० तबकड्या मागवल्या, आणि त्या हातोहात संपल्या. पीअर शहाणा झाला. गाणे आपल्याला आवडण्याची गरज नाही. ज्याच्या आजीने ते म्हटले होते, त्याला ते विकत घ्यावेसे वाटले म्हणजे झाले!

पुढे तो व्हिक्टर कंपनीकडे गेला. आपल्या हिज मास्टर्स व्हॉइसच्या तबकडीवर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा व्हिक्टरच्याही तबकडीवर असे. पीअरने तेथे पगार मागितला नाही. गाण्यांचे हक्क तेवढे मागितले. केवढी ही दूरदृष्टी! १९२७ साली त्याने ब्रिस्टल गावात, टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवर, एका टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत यंत्रे मांडली. २५ जुलै ते ५ ऑगस्ट या काळात १९ गायक आणि संच येऊन गेले, ७६ मुद्रणे झाली. गाण्यामागे ५० डॉलर रोख आणि विक्रीवर अल्पसा वाटा, असा व्यवहार होता. याच दिवसांत कार्टर कुटुंब आणि रेल्वेत नोकरी केलेला क्षयरोगी जिमी रॉजर्स हे दोघेही त्याच्या हाती लागले.

कार्टर कुटुंबात ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सारा आणि भावजय मेबेल अशी तीन माणसे. मेबेल तेव्हा अठरा वर्षांची आणि गरोदर होती. गिटारच्या खर्जाच्या तारांवर ती अंगठ्याने चाल वाजवी आणि वरच्या तारांवर बोटांनी ठेका धरी. तबकडी तीन मिनिटांची. म्हणून लांबलचक कथागीतांची कडवी गळाली, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे, पण साराच्या गाण्यात तो फारसा जाणवत नाही. ती दुःखाचा अभिनय करीत नाही. मृत्यूचे कडवे आणि पावसाचे कडवे ती एकाच संथ, खालच्या आवाजात म्हणते. त्यामुळे जे गळाले ते मागे कोठेतरी चालूच आहे, असा भास होतो.

खरा आक्षेप निराळा आहे. ज्यांवर नवा हक्क नोंदवता येईल अशी गाणी पीअरला हवी होती. मग ए. पी. डोंगरोडोंगरी गाणी गोळा करीत हिंडला. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. ए. पी. शब्द उतरवून घेई, चाल रिडल ध्यानात ठेवी. तबकडीवर नाव मात्र कार्टरचे. आम्ही मास्तर मंडळी निबंधाच्या वहीवर आधी नाव पाहतो. पण निबंध घरी कोणी सांगितला, हेही आम्हांला ओळखू येते. कंपन्या गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तबकड्या वेगवेगळ्या याद्यांतून विकत. गाणी मात्र ही कुंपणे ओलांडून जात. नावे जात नसत. १९३० साली रॉजर्सच्या एका गाण्यात लुई आर्मस्ट्राँगने तुतारी वाजवली. तबकडीवर त्याचे नाव नाही.

म्हणून पीअरला लुटारू म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. एकदा रोख रक्कम हातावर ठेवून गायकाला विसरून जाण्याची रीत असताना त्याने त्याला विक्रीत वाटा दिला. तो नसता तर साराचा आवाज तिच्या दरीबाहेर पोहोचला असता की नाही, कोण जाणे! पण त्याने गाण्याला मालक मिळवून दिला आणि ते वाहून आणणाऱ्यांची नावे पुसली, हेही तितकेच खरे. या तबकड्या जरूर ऐकाव्यात, मुलांनाही ऐकवाव्यात. मात्र गाणे कोणाचे असे त्यांनी विचारले, तर कार्टरबरोबर रिडलचेही नाव सांगावे. रसिकाकडून तेवढे देणे फिटले पाहिजे.