कांटचा राजवाडा आणि मॉरिशसमधली घरं

१७९० च्या ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये कांट आपल्यापुढे एक राजवाडा ठेवतो. हा सुंदर आहे का, असं विचारल्यावर कुणी रूसोच्या थाटात चिडून म्हणेल, थोरामोठ्यांच्या या हौसेपायी रयतेचा घाम गेला. कांट म्हणतो, ते मान्य. पण प्रश्न तो नव्हे. नुसतं पाहून आनंद होतो की नाही, एवढंच सांगा.

ही कसोटी मॉरिशसमध्ये लावून पाहू. मोक्याचं युरेका हे एकोणिसाव्या शतकातलं लाकडी घर. भोवती व्हरांडा, आणि दारं इतकी की वारा आरपार खेळतो. पांप्लेमूसच्या बागेत परातीपेक्षा मोठी कमळपानं आहेत, आयुष्यात एकदाच फुलून मरणारा तालिपोट ताड आहे. डचांची मक्तेदारी मोडून लवंग-जायफळाची रोपं या बेटावर आणली ती प्वाव्रनं, १७७० च्या सुमारास. आनंद होतो का? होतो. आम्ही तो नाकारणार नाही. इथवर कांट बरोबर.

पण दारावर ‘वारसा’ अशी पाटी लागली की प्रश्न बदलतो. ‘सुंदर’ हा शब्द मालक विचारत नाही, ‘वारसा’ विचारतो. कुणाचा? कुणाकडून आला? म्हणजे कांटनं बाहेर ठेवलेला रूसो या पाटीमुळेच आत येतो. अशा घरांत पाहुण्याला खुर्च्या, चिनी मातीची भांडी, पलंग दाखवतात. ऊस कुणी तोडला, हे मात्र एखाद्या वाक्यात उरकतात. ही आमच्या मते नुसती अनास्था नव्हे, विचारातली चूक आहे. व्हरांड्यातली सावली खरी, पण शेतातल्या उन्हाशिवाय तिचा अर्थच लागत नाही.

गुलामगिरी तिथं १८३५ मध्ये संपली. १८३४ पासून करारावरचे मजूर हिंदुस्थानातून येऊ लागले. पुढं त्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. त्यांत मराठी माणसंही होती. आजही तिथं गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट म्हणजे या मजुरांच्या उतरण्याची जागा. दगडी पायऱ्या, थोड्या भिंती. देखणं असं फारसं काही नाही. तरी २००६ मध्ये तो जागतिक वारसा ठरला.

मग घरं पाहू नयेत का? जरूर पाहावीत. मात्र घाट आधी पाहावा, घर नंतर. घर तेवढंच सुंदर दिसेल. फक्त ते एकट्या मालकाचं वाटणार नाही.